दुरुस्ती एकाची, दाखला दुसऱ्याचा

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या घरात बातमी दोन तऱ्हांनी येते. नवऱ्याकडून आली तर फोनवर, बिनआवाजाची. सासऱ्यांकडून आली तर आधी कोट उतरवल्याचा आवाज, मग टोपी खुंटीवर, मग चहाची फर्माईश, आणि चहाचा पहिला घोट पोटात गेल्यावर बातमी. बाबांना मध्येच विचारून उपयोग नसतो. पडदा त्यांच्या वेळेला वर जातो.

त्या दिवशी त्यांनी घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “पेशंट नापास झाला.”

पेशंट म्हणजे त्यांची छोटी निळी मोटार. इथे गाडी जुनी झाली की दर वर्षी तिची तपासणी करून, ती रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे असा दाखला घ्यावा लागतो. त्याला सगळे एमओटी म्हणतात. बाबांच्या गाडीच्या मागच्या ब्रेकचा पाइप गंजला होता आणि पुढची एक स्प्रिंग तुटली होती.

“फायनली,” नवरा फोनमधून डोकं वर काढून म्हणाला. तो इथेच जन्मला, इथेच वाढला. त्याचं मराठी प्रेमळ आहे, पण ते कधी कुठल्या लिंगाला धरून चालेल याचा नेम नाही. “बाबा, गाडी आता म्हातारा झालाय. रिपेअरचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. स्क्रॅप करू. तुम्हाला कुठे जायचं तिथे मी टॅक्सी बुक करीन. ॲपवर. दोन मिनिटांत येते.”

“गुरुवारी?”

“गुरुवारी पण.”

“चौघांना?”

“मोठी टॅक्सी मागवू.”

बाबांनी दुसरा घोट घेतला. त्या घोटातच कळलं की गोष्ट टॅक्सीवर मिटणारी नाही.

गुरुवारचं आधी सांगते, कारण सगळं अडलं होतं ते तिथेच. सासूबाई गेल्या त्यानंतरच्या वर्षी बाबांनी एक नेम सुरू केला. दर गुरुवारी संध्याकाळी ते तीन काकूंना त्यांच्या त्यांच्या दारातून उचलायचे आणि ईलिंगला एका घरी भजनाला न्यायचे. तिघी सासूबाईंच्या मैत्रिणी, तिघी सत्तरीच्या पुढच्या. एकीचा गुडघा दुखरा म्हणून ती पुढे, दोघी मागे. बाबांचा देवावर फारसा विश्वास नाही. भजन चालू असताना ते स्वयंपाकघरात बसून शब्दकोडं सोडवतात. पण नेण्या-आणण्याचं काम त्यांचं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेल्या माणसाची कुणीतरी घड्याळाकडे बघत वाट पाहतं, ही चैन त्यांना आठवड्यातून एकदा मिळायची. टॅक्सीने तिघी ईलिंगला पोचल्या असत्या, यात शंका नाही. फक्त त्या ज्यांची वाट बघायच्या, त्या यादीतून बाबा गळले असते. गाडी गेली की गुरुवार गेला, हे बाबांना कळत होतं, मला कळत होतं, आणि नवऱ्याला कळूनही कबूल करायचं नव्हतं. वडील गाडी घेऊन बाहेर पडले की परत येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागायचा. काळजी करणाऱ्या माणसाशी भांडणं सगळ्यात अवघड.

“दुरुस्त करणार,” बाबा म्हणाले. “माझ्या पेन्शनमधून.”

दुसऱ्या दिवशी गॅरेजला त्यांच्याबरोबर मी गेले. शाळेला सुट्टी होती (मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते) आणि असा प्रयोग चुकवायचा माझा स्वभाव नाही. गॅरेजवाले सरदारजी आमच्या ओळखीचे. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, मला स्टूल दिलं आणि तीन वाटा समजावून सांगितल्या. गाडी इथेच ठेवली, त्यांनीच दुरुस्त केली, तर फेरतपासणी फुकट. गाडी बाहेर नेऊन दुरुस्त केली आणि दहा कामाच्या दिवसांत परत आणली, तर थोडी फी. दुसऱ्याच गॅरेजमध्ये तपासायला नेली, तर सगळी तपासणी पहिल्यापासून आणि फी पूर्ण.

“रिपेअर कौन करेगा?” बाबांनी विचारलं. बाबांचं हिंदी त्यांनी मुंबई सोडली त्या दिवशी जिथे होतं तिथेच उभं आहे.

“मैं करूंगा, अंकलजी.”

“और टेस्ट कौन करेगा?”

“मेरा भाई.”

बाबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. ते चष्मा पुसणं मला ओळखीचं होतं. आता काय येणार हे मला कळलं आणि मी स्टूल थोडं मागे सरकवून नीट बसले, म्हणजे दोघांचे चेहरे एकदम दिसतील.

आमचे बाबा पॅथॉलॉजिस्ट. सत्तरच्या दशकात इथे आले आणि उभं आयुष्य एका हॉस्पिटलच्या तळघरात सूक्ष्मदर्शकावर वाकून काढलं. वर सर्जन लोक कापायचे आणि कापलेलं खाली यायचं. सर्जन म्हणायचा, गाठ पूर्ण काढली. बाबा काचेखाली बघायचे आणि सांगायचे, कडेला थोडी राहिली आहे. या एका वाक्यासाठी कितीतरी सर्जन त्यांच्याशी बोलत नसत, आणि याच एका वाक्याचा त्यांना जन्मभर अभिमान. कापणाऱ्याने कापावं, तपासणाऱ्याने तपासावं, आणि दोघांनी एकाच टेबलावर जेवूसुद्धा नये, असं त्यांचं मत. इथे तर दोन सख्खे भाऊ.

“रिपेअर आप करो,” बाबा म्हणाले. “आपके हाथ पर मेरा पूरा भरोसा है. सर्टिफिकेट मैं दूसरी जगह से लूंगा.”

सरदारजींना वाटलं, म्हाताऱ्याला नीट समजलं नाही. “अंकलजी, यहां रीटेस्ट फ्री है.”

“मालूम है.”

“वहां पूरी फीस लगेगी.”

“मालूम है.”

“तो फिर?”

“जिसने ऑपरेशन किया, वही बोलेगा ऑपरेशन अच्छा हुआ?”

सरदारजी माझ्याकडे वळले. “बेटी, तीस साल से दुकान चला रहा हूं. फ्री से भागनेवाला ग्राहक आज देखा.” मग आत तोंड करून भावाला हाक मारली, “ओए, तेरे पे भरोसा नहीं अंकलजी को.” आतून भाऊ म्हणाला, “मेरी बीवी को भी नहीं है,” आणि पाना आपटल्याचा आवाज आला. राग कुणालाच आला नव्हता. गाडी तिथेच दुरुस्तीला राहिली.

रात्रीच्या जेवणात नवऱ्याने हा हिशेब ऐकला आणि घास हातातच धरला. “लेट मी अंडरस्टँड. जिथे फ्री आहे तिथेच गाडी रिपेअर होणार. मग ती तिथून बाहेर काढून पैसे देऊन दुसरीकडे टेस्ट करणार. जे फ्री मिळतं, ते मिळू नये म्हणून आपण पे करणार.”

“बरोबर समजलास,” बाबा म्हणाले.

“आणि दुसऱ्या माणसाने अजून काही काढलं तर? त्याला सगळं पहिल्यापासून बघायला लागतो.”

“तर ते होतंच. त्याने काढलं म्हणून झालं नाही.”

“तू तरी सांग यांना,” नवरा मला म्हणाला.

“मला पटतंय त्यांचं,” मी म्हणाले. खरं तर मला गंमत बघायची होती, पण ते जेवताना बोलायचं नसतं.

दुसरं गॅरेज ईलिंगच्या बाजूला, रेल्वेच्या कमानीखाली. तपासणारी बाई होती. पन्नाशीची, दंडावर गुलाब गोंदलेला, आवाज खर्जातला. ग्राहकांना बसायच्या खोलीला एक मोठी काच होती. त्या काचेला नाक लावून बाबा हात पाठीमागे बांधून उभे राहिले. ब्रेक पास झाले. स्प्रिंग पास झाली. दिवे, वायपर, टायर, धूर, सगळं ठीक. बाई दारं उघडून आत वाकली, एकेक सीटबेल्टचा पट्टा ओढून खटक्यात घालून पाहू लागली आणि मागच्या डाव्या जागेवर थांबली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला.

बाबा ताठ उभे राहिले.

ती बाहेर आली ती स्क्रूड्रायव्हरचं टोक वर धरूनच. टोकावर काहीतरी पांढरट, चिकट, वाळलेलं लागलं होतं. मागचा पट्टा लागतच नाही, ती म्हणाली, खटक्याच्या आत हे भरलं आहे. पट्टा लागत नसेल तर गाडी पास करता येत नाही.

“टॉफी?” तिने विचारलं.

मी जवळ जाऊन पाहिलं. मला लगेच ओळख पटली. भजनानंतर ईलिंगच्या काकू प्रत्येकीला छोट्या द्रोणात पळीभर पंचामृत आणि मूठभर साखरफुटाणे देतात, आणि गाडीची वेळ झालेली असल्याने तो प्रसाद गाडीतच खाल्ला जातो. दही, मध, दूध, तूप, साखर आणि वर फुटाणे. या मिश्रणाने सिमेंटचं काम करायला किती गुरुवार लागले असतील, ते ज्याचं त्याला माहीत.

“प्रसाद,” बाबा म्हणाले.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, देवापुढे ठेवलेला खाऊ आहे. तिने तो एका कागदावर जपून पुसला आणि कागद फेकण्याआधी, फेकला तर चालेल ना, असं विचारलं. मला ती फार आवडली.

नापास झालेल्या गाडीचा मालक इतका खूश मी तोवर पाहिला नव्हता. बाबांनी हात पाठीमागून पुढे आणले, माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, “कडेला थोडी राहिली होती.” जणू तळघरातला सूक्ष्मदर्शक पुन्हा त्यांच्यापुढे कुणी आणून ठेवला होता.

“पण बाबा,” मी म्हणाले, “आता हा खटका इथे दुरुस्त करायचा, तर तपासणार हीच बाई. म्हणजे तुमच्या नियमाप्रमाणे तिसरं गॅरेज शोधायला हवं. तिथे आणखी काही निघालं तर चौथं. असं करत आपण एडिनबराला पोचू.”

“चेष्टा करू नकोस,” बाबा म्हणाले, पण विचारात पडले. मार्ग त्यांनीच काढला. गाडी परत सरदारजींकडे, खटका ते बदलतील, आणि तपासायला पुन्हा इथे. कापणारा तोच, तपासणारी तीच. बाईने सांगितलं की फक्त पट्ट्याचंच काम असल्यामुळे उद्या संध्याकाळी बंद व्हायच्या आत आणली तर ती पुन्हा फी घेणार नाही. बाबांनी फुकट हा शब्द एकदा तरी तत्त्वाला धक्का न लावता कमावला, म्हणून मी त्यांचं अभिनंदन केलं. नवऱ्याला मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “त्या बाईने पंचामृताला फेल केलं?”

“हो.”

“गुड.”

सरदारजींनी खटका बदलताना भावाला जे काय सुनावलं ते पंजाबीत होतं, म्हणून इथे देत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पास झाली.

तिसऱ्या दिवशी गुरुवार. सुट्टी अजून चालू होती म्हणून मीही गाडीत मागे, दोन काकूंच्या मध्ये, दोन्हीकडून शाली आणि पिशव्यांनी दाबली जाऊन बसले. बाबा रंगात होते. गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी सगळी कहाणी सांगितली. सरदारजी, भाऊ, काच, स्क्रूड्रायव्हर. तिघी खूप हसल्या.

“आता मागचा पट्टा नवा कोरा आहे,” बाबा शेवटी म्हणाले. “लावून बघा.”

माझ्या डावीकडच्या काकूंनी लावला. “बरं झालं हो डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “माझा हात दुखून यायचा.”

“हात का?”

“धरून धरून. तो लागायचाच नाही ना. मग मी आपला असा पोटावरून घेऊन मुठीत धरून बसायची. बाहेरून लावल्यासारखाच दिसतो.”

बाबांनी किल्ली लावली होती, पण ती फिरवली नाही.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“आता तारीख कुठली सांगू? दिवाळीच्या आधीपासून असेल.”

“मला का नाही सांगितलंत?”

“अहो, तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि गाडी दुरुस्तीला गेली असती, मग गुरुवार बुडाला असता. तुम्ही आमच्यासाठी एवढं करता, आणि मी पट्ट्याची तक्रार करू?” काकू अगदी सहज बोलत होत्या. त्यांच्या दृष्टीने त्यांनी बाबांची सोय पाहिली होती, आणि थोडं पुण्यही मिळवलं होतं.

पुढच्या काकूंनी विषय बदलला. बाबा नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत ईलिंगला गेले. त्या दिवशी स्वयंपाकघरात शब्दकोडं त्यांच्यापुढे उघडं पडलेलं होतं आणि पेनचं टोपणसुद्धा निघालं नव्हतं.

घरी नवऱ्याला कळलं ते मी सांगितलं म्हणूनच. आमच्या घरात गुपितं फार टिकत नाहीत, निदान मी घरात असताना. तो वडिलांवर ओरडला नाही. नुसतं म्हणाला, “बाबा, मी हाच म्हणत होतो. तुम्हाला पाठीमागे काय चाललंय ते दिसत नाही. ऐकू पण येत नाही.”

“पट्ट्याचा आणि माझ्या कानांचा काय संबंध?”

“खटका लागला की टक् असा आवाज येतो. सहा महिने तो आला नाही. तुम्हाला कळलं?”

वातावरण जड झालं आणि ते हलकं करायची जबाबदारी दर वेळी माझ्या जिभेला आपलीच वाटते. मी म्हणाले, “बाबा, गाडीचा दाखला तर दोन गॅरेजं हिंडून आणलात. गाडी चालवणाऱ्याचा दाखला कोण देतं?”

“लायसन्स आहे की माझ्याकडे. नुकतंच नवीन केलंय.”

“ते कुणी तपासून दिलं?”

इथे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करावं लागतं. कुणी तुम्हाला बोलावत नाही, गाडीत बसवत नाही. मला नीट दिसतं, मी ठीक आहे, असं आपलं आपणच कळवायचं.

“मीच,” बाबा म्हणाले. आणि म्हणता म्हणता थांबले.

नवरा मोठ्याने हसला. त्या हसण्याबरोबर मला कळलं की मी काय करून बसले. मी बाबांच्या पक्षातली. त्यांचंच हत्यार उचलून मी ते विरुद्ध पक्षाच्या हातात दिलं होतं, आणि तेही टाळीच्या आशेने. बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी आपलं ताट उचललं, विसळलं आणि वर गेले.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते फोनवर होते. म्हाताऱ्या किंवा आजारी चालकांची परीक्षा घेणारं एक केंद्र असतं. तिथे डॉक्टर पाठवतात, किंवा मुलं मागे लागून नेतात. स्वतः होऊन जाणारे थोडे. बाबांनी स्वतः वेळ घेतली. फीही स्वतःच भरली. ती गाडीच्या दोन्ही तपासण्या मिळून जेवढी झाली त्याहून जास्त होती.

“बाबा, मी गंमत केली होती,” मी म्हणाले.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “पण बरोबर बोललीस. चहा ठेव तिथे.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर नाही.”

त्या दोन शब्दांनी माझी झोप दोन आठवडे उडवली. नवऱ्याचीसुद्धा. त्याला जे हवं होतं ते आता घडेल असं दिसायला लागल्यावर तो एकदम हळवा झाला. घराबाहेर गाडी पुसत असलेल्या बाबांना खिडकीतून बघत तो म्हणाला, “फेल झाले तर गाडी आपण ठेवू. उभी. ते पुसतील.” मी म्हणाले, “उभ्या गाडीची वाट कोण बघणार?”

परीक्षेच्या दिवशी मला मागे बसायला परवानगी मिळाली, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही अट मला काय किमतीला पडली. गाडी केंद्राची, दोन ब्रेकवाली. बाबांच्या शेजारी परीक्षक, माझ्या शेजारी वही घेतलेली, हालचाली तपासणारी थेरपिस्ट. आधी आत त्यांचे डोळे, कान, मान, पाय किती पटकन हलतो, हे सगळं पाहून झालं होतं.

बाबांनी सुरुवात छान केली. आरसे पाहिले, इशारा दिला, निघाले. मोठ्या चौकाच्या गोलाला ते जरा जास्त थांबले. मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दिला, तरी हलले नाहीत. मोकळी जागा दिसल्यावरच गेले. परीक्षकाने मान डोलावली. मग एका शाळेजवळ डावीकडे वळायचं होतं. बाबांनी आरशात पाहिलं, मान मात्र वळवली नाही. आणि परीक्षकाने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

डावीकडून एक सायकलवाली गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. ती गाणं ऐकत होती.

मी हाताची मूठ तोंडात घातली होती. बाबांनी गाडी नीट बाजूला घेतली, हँडब्रेक लावला आणि परीक्षकाकडे वळून शांतपणे म्हणाले, “ती मला दिसली नाही.” ऊन डोळ्यांवर आलं, तिच्या सायकलला दिवा नव्हता, असली कुठलीही सबब नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाबद्दल ज्या आवाजात त्यांनी वाक्यं लिहिली असतील, त्याच आवाजात.

परीक्षक म्हणाला, “ठीक. आता मान वळवून पुन्हा करू या.” त्यानंतर प्रत्येक वळणाला बाबा अख्खे कमरेतून वळत होते. कोट सीटमध्ये अडकायचा, तो सोडवायचे आणि पुन्हा वळायचे. पाऊण तास.

निकाल आतल्या खोलीत मिळाला. बाबांनी विचारलं, “पास की नापास, ते आधी सांगा. बाकीचं मी नंतर ऐकतो.”

“चालवा,” परीक्षक म्हणाला. “अटींवर.” कानाचं यंत्र बसवायचं. डाव्या बाजूला रुंद आरसा लावायचा. मोटरवे नको. ओळखीचे रस्ते. वर्षाने पुन्हा या. आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही.

बाबांनी सगळ्याला मान डोलावली, शेवटच्या अटीला सोडून. तिथे त्यांची मान थांबली. कारण हिवाळ्यात इथे चार वाजता दिवस मावळतो, आणि भजन पाचला सुरू होतं.

परतताना गाडी मी चालवली. “सांगून टाकतो त्यांना,” बाबा म्हणाले. “दुसरी सोय बघा म्हणून. टॅक्सी मिळते. ॲपवर.” नवऱ्याचा शब्द त्यांच्या तोंडून आला आणि मी वळणाचा इशारा द्यायलाच विसरले.

यंत्र आणि आरसा बसल्यावरच्या पहिल्या गुरुवारी अजून उन्हाळ्याचा उजेड होता. आरतीनंतर बाबा स्वयंपाकघरातून बाहेर आले, प्रसाद वाटणाऱ्या काकूंना हाताने थांबवलं आणि उभं राहून निदान वाचावं तसं सगळं सांगितलं. सायकलवालीसुद्धा. ऑक्टोबरनंतर मला तुम्हाला आणता येणार नाही, असं म्हणून त्यांनी संपवलं.

मग डाव्या सीटवरच्या, पट्टा मुठीत धरणाऱ्या काकू म्हणाल्या, “दुपारी करू या की.”

“दुपारी?” घरच्या काकू दचकल्या. “माझी झोप?”

“दुपारी देवळात देवाला झोपवतात, तुम्हाला नाही. एक वाजता बसू, तीनला उठू.”

“एकला माझी सीरियल असते.”

“ती रात्री परत दाखवतात. आणि तसंही त्यात दोन वर्षं तिचं लग्नच ठरतंय.”

“जेवण?”

“इथेच. एकेकीने एकेक भाजी आणायची.”

“मी तळणाचं आणणार नाही, आत्ताच सांगते, माझं कोलेस्टेरॉल डॉक्टरांना विचारा.”

बाबा मध्ये काही म्हणायला गेले. “अहो डॉक्टर, तुम्हाला कुणी विचारलंय का?” पुढच्या सीटवरच्या काकूंनी त्यांना थांबवलं. “तुमच्या अटी सांगून झाल्या ना? मग आम्हाला ठरवू द्या.” झोपेचं, भाजीचं आणि सीरियलचं भांडण निदान अर्धा तास चाललं. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते ऐकत राहिले. नव्या यंत्रामुळे त्यांना आता सगळंच ऐकू येत होतं. मध्येच त्यांनी यंत्राचा आवाज थोडा कमी केला, ते मी पाहिलं.

आता भजन दुपारी एकला असतं. त्या वेळी मी शाळेत असते. त्यामुळे गुरुवारी त्यांच्याबरोबर जाता येत नाही, आणि कोण काय बोललं ते मला संध्याकाळी ऐकीव मिळतं, जे माझ्यासारखीला पुरत नाही. मग साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत, मी उगाच बाबांना फोन लावते. तेव्हा ते काकूंना घेऊन रस्त्यावर असतात, आणि गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. तो कितीतरी वेळ वाजत राहतो. मी सँडविच खात तो वाजू देते.